कोलारेशची वाळू आणि तासगावचे आण्णा

पोर्तुगालमधल्या कोलारेशमध्ये द्राक्षाची वेल लावायची तर आधी वाळू उपसावी लागते. वर मऊ, पिवळसर, वाऱ्यानं सरकणारी वाळू आणि तिच्या पोटात, कुठं मीटर-दोन मीटरांवर तर कुठं तीन-चार मीटर खोल, चिकणमातीचा थर. मूळ धरायचं ते त्या चिकणमातीत. म्हणून चर खणायचा, तळाला उतरायचं, वेलीची लांब फांदी मातीत दाबायची आणि मग वर्षागणिक थोडी थोडी वाळू परत लोटत चर बुजवत आणायचा. वाळूच्या कडा कधी ढासळतील याचा नेम नसायचा. जुन्या काळी चरात उतरणारे मजूर डोक्यावर टोपली पालथी घालून काम करत. दरड अंगावर आलीच, तर वरची माणसं उकरून बाहेर काढीपर्यंत टोपलीखालच्या हवेवर तग धरता यावा म्हणून.

आमच्या गाडीचा चालक हे इंग्रजीत सांगत होता आणि मी ते मागच्या सीटवरच्या आण्णांना मराठीत सांगत होते. आण्णा म्हणजे माझे वडील. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, आजोबांपासूनची. ते ऐकून आण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “एवढं कशापायी गं? वरच्या वर लावायची की.”

मी लिस्बनला राहते. आण्णा सप्टेंबरात माझ्याकडं आले तेव्हा त्यांना काय दाखवायचं हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. राजवाडे आणि चर्च त्यांनी मन लावून पाहिलेच असते, पण मला त्यांना दुसऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर उभं करायचं होतं. लिस्बनच्या वायव्येला, सिन्त्राचे डोंगर उतरून अटलांटिकला भिडण्याआधी जी चिंचोळी पट्टी लागते, तिथं कोलारेशच्या बागा आहेत. सिन्त्राहून किनाऱ्याकडं लाल रंगाची जुनी ट्राम जाते, 1904 सालापासूनची, आणि बसही आहेत. पण बागा असतात दगडी गडग्यांमागे, दोन गावांच्या मधल्या बोळांत. तिथं बस थांबत नाही आणि आण्णांच्या गुडघ्यांना चढ झेपत नाही. म्हणून अर्ध्या दिवसासाठी खासगी गाडी घेतली. मुलूख एवढासा आहे की अर्धा दिवस पुरतो. फक्त कुठं थांबायचं आणि कुठं नाही हे आपण सांगायचं. चालकाची यादी काबो दा रोकाच्या कड्यापासून सुरू होत होती. मी ती उलटी करायला लावली.

सकाळी सिन्त्रावर धुकं होतं. उन्हाळ्यातही असतं. समुद्राचा ओला वारा डोंगराला थटतो आणि ग्रॅनाइटच्या त्या उतारांवर शेवाळ, नेचे आणि गर्द झाडी माजते. आण्णांना आंबा घाट आठवला. आम्ही जुन्या रस्त्यानं निघालो, कारण त्या रस्त्यावर पेन्या व्हेर्देची वाडी लागते आणि तिथं मला दोन मिनिटं थांबायचं होतं. आत जाता येत नाही, मालमत्ता खासगी आहे. उंच भिंत, तीवरून ओसंडणारी झाडं, एवढंच दिसतं. ही वाडी जुआंव दि कास्त्रोची. 1545 ते 1548 या काळात तो गोव्यात पोर्तुगीज सत्तेचा प्रमुख होता. 1546 मध्ये त्यानं दीवचा वेढा मोडला, आणि पडलेला किल्ला पुन्हा बांधायला पैसे हवेत म्हणून गोव्याच्या नगरसभेकडं तारण म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले, अशी त्याची गोष्ट सांगतात. मला मात्र तो वेगळ्या कारणासाठी जवळचा वाटतो. सत्ता हाती येण्याआधी, 1538–39 मध्ये, तो गोव्याहून दीवपर्यंत किनाऱ्यानं गेला. वाटेतली बंदरं, खडक आणि पाण्याची खोली नोंदवत असताना घारापुरीच्या लेण्यांतही शिरला. त्यानं केलेलं लेण्यांचं वर्णन युरोपातल्या सुरुवातीच्या वर्णनांपैकी एक आहे, आणि त्यात आदर आहे.

तरीही याच वाडीत सोमनाथ-पाटणचा एक संस्कृत शिलालेख येऊन पडला. वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला, विक्रम संवत 1343 चा, म्हणजे सन 1287 चा. त्रिपुरांतक नावाच्या पाशुपत आचार्यानं सोमनाथाला बांधलेल्या देवळांची हकीकत त्यात कोरलेली आहे. अभ्यासक त्याला सिन्त्रा प्रशस्ती म्हणतात. सोमनाथाचा लेख आणि नाव सिन्त्राचं, हे मला दर वेळी टोचतं. आण्णांनी भिंतीकडं बघून विचारलं, “एवढा धोंडा जहाजातनं आणला व्हय?” मी हो म्हटलं. ते परत गाडीत जाऊन बसले.

डोंगर उतरला की धुकं मागं राहतं आणि हवेला मिठाचा वास येतो. कोलारेश गाव दिसायला साधं आहे. उतारावरची घरं, खाली ओढ्याच्या काठी भाजीपाल्याचे मळे. गावापुढं बान्झाँवला ट्रामच्या रुळांशेजारी कोलारेशचं सहकारी मद्यघर आहे, आदेगा रेजिओनाल. 1931 साली शेतकऱ्यांनी ते उभं केलं आणि पोर्तुगालमधल्या अशा सहकारी मद्यघरांतलं ते सगळ्यांत जुनं. सहकार म्हटल्यावर आण्णा सावरून बसले. सभासद किती, भाव कोण ठरवतं, माल घालायचं बंधन आहे का, हे सगळं त्यांना हवं होतं. मला ठाऊक होतं ते मी सांगितलं. कोलारेशच्या वाइनचं नाव इतकं झालं होतं की भलतीच वाइन त्या नावानं खपवली जाऊ लागली. म्हणून 1908 मध्ये या मुलुखाची हद्द कायद्यानं आखून दिली. पुढं मद्यघर निघालं, आणि मग कित्येक दशकं असा नियम होता की इथल्या वाळूतली लाल द्राक्षं इथंच गाळायची. “म्हंजे नाव राखायसाठी कारखाना,” आण्णा म्हणाले. मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं.

आत थंडगार, उंच छताचं दालन आहे आणि दोन्ही बाजूंनी माणसाच्या दुप्पट उंचीची लाकडी पिंपं. आण्णा माळकरी. त्यांनी वाइनला हात लावला नाही, पण पिंपांच्या फळ्या कशा जोडल्यात ते जवळ जाऊन बघितलं. चव मी घेतली. इथलं लाल द्राक्ष रामिश्को, पांढरं मालवाझिया. रामिश्कोची वाइन रंगानं फिकी, अंगानं हलकी, आणि तोंडात घेतली की आधी आंबट, मग जिभेच्या कडा आवळून धरणारी तुरट. मागं खारट काहीतरी रेंगाळतं. पहिल्या घोटात आवडेल अशी ती नाही. तिला पिंपात आणि बाटलीत वर्षानुवर्षं ठेवतात, तेव्हा कुठं ती नरम येते. बाटलीही बरेचदा अर्ध्या लिटरची असते. माल थोडा, म्हणून बाटली लहान. मला ती फार आवडते. तिच्यात लाडीगोडी नाही.

आता आण्णांच्या प्रश्नाकडं. एवढं कशापायी?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून एक कीड युरोपात आली. फिलॉक्सेरा. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी, मावा-वर्गातली. ती मुळांवर बसते, रस शोषते, मुळांना गाठी येतात, कुजतात आणि बाग उभी वाळते. 1860 च्या दशकात फ्रान्समध्ये ती लक्षात आली आणि पुढच्या काही दशकांत तिनं युरोपातल्या बहुतेक बागा खाल्ल्या. औषधं, धूर, बागेत पाणी तुंबवून ठेवणं, सगळं करून झालं. शेवटी तोड निघाली ती कलमाची. अमेरिकन रानवेलींची मुळं या किडीला दाद देत नाहीत, म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर आपली जात. आज जगातल्या बहुतेक नामांकित बागा अशाच परक्या मुळांवर उभ्या आहेत.

हे सांगताना मला आण्णांना काही समजावून द्यावं लागलं नाही. आमच्या बागेत डॉगरिज आहे. डॉगरिज हा खुंट मूळचा टेक्सासचा. आपल्याकडं तो किडीसाठी आला नाही, खारं पाणी आणि दुष्काळ सोसतो म्हणून आला. आधी खुंटरोपं लावायची, पावसाळा सरता सरता त्यांवर थॉमसन, सोनाका, माणिक चमन नाहीतर तास-ए-गणेशचं कलम भरायचं. लहानपणी मी पाचर कलमाला प्लॅस्टिकची पट्टी बांधायला आण्णांच्या हाताखाली बसलेली आहे. तेव्हा खुंट अमेरिकन आहे हे घरात कुणी मुद्दाम बोलत नसे. ते गृहीतच असायचं.

कोलारेशला खुंट लागला नाही, कारण वाळू. या किडीला एका मुळावरून दुसऱ्या मुळाकडं जायला जमिनीतल्या भेगा आणि पोकळ्या लागतात. सुट्या वाळूत भेग टिकत नाही, दाणे लगेच मिटतात. शेजारच्या मुलुखातल्या बागा वाळत गेल्या तेव्हा कोलारेशच्या वेली हिरव्या राहिल्या. ज्या जमिनीला आधी कुणी फार मोल देत नसे तिचा भाव वाढला, आणि जो उपद्व्याप टोपल्या डोक्यावर घेऊन चालला होता त्यानंच गावाला सुबत्ता दिली. इथले लोक जमिनीचे दोन प्रकार सांगतात, वाळूची आणि कठीण. मान वाळूच्या जमिनीला आहे. तिथली वेल आजही स्वतःच्या मुळावर आहे.

हे कळल्यावर आण्णा म्हणाले, “मग दाखव की बाग. नुसतं सांगत बसलीयास.”

फोंतानेलाश आणि आझेन्याश दो मार यांच्या मधल्या एका बोळात चालकानं गाडी लावली. कमरेएवढा रचीव दगडांचा गडगा, आत वाळलेल्या बोरूचे कूड. बागेचे छोटे छोटे चौकोन केलेले, प्रत्येक चौकोनाला कुडाचा आडोसा. उन्हाळाभर इथं उत्तरेचा वारा सुटतो, त्याला नोर्तादा म्हणतात. तो पानं फाडतो आणि मीठ आणून पानांवर टाकतो. आत एक म्हातारा आणि एक तरुण काम करत होते. चालकानं हाक मारून विचारलं, म्हाताऱ्यानं हातानं या म्हटलं.

आण्णा फाटकातून आत गेले आणि थबकले. बागच दिसेना. मांडव नाही, तारा नाहीत, खांब नाहीत, तारेवर आडवा धरलेला ओलांडा नाही. गुडघ्याच्या वर काहीच नाही. मग डोळ्यांना सवय झाली आणि दिसलं की सगळी बाग वाळूवर आडवी पडलेली आहे. हाताच्या मनगटाएवढी जाड, काळपट, सालपटं निघालेली खोडं वाळूतून बाहेर येतात आणि वारा ढकलेल त्या दिशेला वेडीवाकडी लोळतात. मधूनच एखादं सफरचंदाचं झाड, तेही वाऱ्यानं वाकवून बुटकं केलेलं.

“अगं, ह्यो तर निजलाय की,” आण्णा म्हणाले.

मग त्यांनी बूट काढले. उन्हानं तापलेल्या वाळूत ते हळूहळू खाली बसले, गुडघ्यावर हात टेकत, आणि त्यांनी एक फांदी पानांखालून उचलून पाहिली. खाली बोरूचा वीत-दीड वीत लांबीचा तुकडा टेकू म्हणून उभा केलेला होता. फळ पिकायला आलं की इथं प्रत्येक फांदीखाली असे टेकू देतात, नाहीतर तापलेल्या वाळूवर घड भाजून निघतात. एकेक फांदी, एकेक टेकू, सगळं हातानं आणि वाकून. घड लहान, मणी आपल्या बेदाण्याच्या जातीहूनही बारीक, निळे-काळे, वर राखेसारखी लव. आण्णांनी म्हाताऱ्याकडं बघितलं, त्यानं मान हलवली, आणि आण्णांनी एक मणी तोंडात टाकला. साल चावत राहिले. बी काढून तळहातावर घेतली, नीट बघितली. “साल जाड हाय. गोडी हाय, पण आंबट लई. ह्याला भुरी कमी लागत असंल.”

मी ते पुढं विचारलं. म्हातारा हसला आणि नाही नाही म्हणत त्यानं समुद्राकडं हात केला. धुकं येतं, दव पडतं, भुरी आणि केवडा हे बुरशीचे रोगही येतात. गंधक मारावंच लागतं. मग दोघांचं जे सुरू झालं त्यात मी आणि चालक नुसते मध्ये उभे होतो. एक पोर्तुगीज, दुसरा तासगावची मराठी. पान उलटं करून डाग दाखवायचा, बोटानं फांदीवरचे डोळे मोजायचे, छाटणी कुठून घ्यायची ते नखानं खुणवायचं. आण्णांनी हातांनी मांडव उभा करून दाखवला, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी अशा दोन बोटांनी दोन छाटण्या सांगितल्या. म्हाताऱ्याला दोन छाटण्या पटेनात. त्याच्याकडं हिवाळ्यात वेल झोपते आणि वर्षाला एकदाच कात्री लागते. आपल्याकडं वेलीला झोपच नाही, म्हणून आपण कात्रीनं तिला ऋतू देतो, हे मी जमेल तसं सांगितलं. तरुण लक्ष देऊन ऐकत होता.

पाणी किती दिवसांनी देता, हे आण्णांनी विचारलं. देत नाही, असं उत्तर आलं. खालची चिकणमाती हिवाळ्याचा पाऊस धरून ठेवते आणि वरची वाळू त्या ओलीला उन्हापासून झाकते. आण्णांनी मूठभर वाळू उकरली, आणखी उकरली, कोपरापर्यंत हात घातला. तळाशी वाळू गार लागत होती. त्यांनी माझा हात धरून आत घालायला लावला.

आझेन्याश दो मार तिथून जवळ आहे. कड्यावर पांढऱ्या घरांची उतरंड, खाली लाटांच्या कडेला खडकांत बांधलेलं पोहण्याचं कुंड. पोर्तुगालच्या प्रत्येक कॅलेंडरवर असतं तसं ते सुंदरच आहे. पण तिथल्या सज्जात उभं राहून मागं, जमिनीकडं वळून बघावं. नवी बंगलेवजा घरं, तरणतलाव, कुंपणं, आणि त्यांच्या मधून मधून बोरूच्या कुडाचा एखादा तुकडा. जिथून समुद्र दिसतो ती वाळूची जमीन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिस्बनकरांच्या सुट्टीच्या घरांसाठी विकली गेली. शेकडो हेक्टर बाग होती, ती घटत घटत काही डझन हेक्टरांवर आली. किडीला जे जमलं नाही ते चौरस मीटरच्या भावानं केलं. याचा मला राग येतो. राग विकणाऱ्यांवर नाही. वाकून वाकून कंबर गेलेल्या माणसाला आयुष्यभरात द्राक्षांनी दिले नाहीत एवढे पैसे कुणी एका सहीवर देत असेल, तर तो सही करणारच. अलिबाग-मुरुडला नारळी-पोफळीच्या वाड्या अशाच गेल्या आहेत आणि तिथल्या वाडीवाल्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. राग याचा की हद्द आखणाऱ्या कायद्यानं वाइनचं नाव राखलं, पण जमीन राखायची कुणाला सुचली नाही.

तरी सगळं संपलेलं नाही. गेल्या काही वर्षांत नव्या पिढीतल्या काही जणांनी पडीक तुकडे घेऊन पुन्हा लागवड केली आहे. चर आता यंत्रानं खणतात. फुन्दासाँव ओरिएन्ते या संस्थेच्याही इथं वाळूतल्या बागा आहेत. पणजीला फोंताइन्यासमध्ये फिरलेल्यांनी या संस्थेची पाटी पाहिली असेल. आम्हाला भेटलेला तो तरुण म्हाताऱ्याचा नातू होता. आठवडाभर लिस्बनमध्ये नोकरी करतो आणि शनिवार-रविवार बागेत असतो, असं त्यानं सांगितलं. त्याची बाग बापानं सोडून दिली होती, ती त्यानं आजोबांना हाताशी धरून परत उभी केली. आण्णांनी त्याला विचारायला लावलं की मजूर मिळतात का. मिळत नाहीत, तो म्हणाला, टेकू द्यायला मित्र येतात. “आपल्यासारखंच की,” आण्णा म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

काबो दा रोकाला गेलो. युरोपच्या मुख्य भूमीचं ते पश्चिमेकडचं टोक. सुमारे 140 मीटरचा कडा, दीपगृह, फोटोसाठी रांग, आणि उभं राहू न देणारा वारा. बघण्यासारखं आहे, पण त्याला पाव तास पुष्कळ. तुम्ही कधी अशी गाडी केलीत तर वेळ बागेत घालवा. सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला जा, फळ वेलीवर असताना. बागेच्या फाटकाशी थांबून आधी विचारा, न विचारता गडग्यावरून आत उतरू नका. कुडाला धक्का लागला तर मागची वेल त्या दिवसापासून वाऱ्यात असते.

परतताना गिन्शुच्या किनाऱ्यावरून गाडी कश्काईशकडं लागली तेव्हा आण्णांनी तात्यांना फोन लावून मागितला. तात्या म्हणजे माझे काका, बाग सध्या त्यांच्यावर होती. तिकडं संध्याकाळ झाली होती.

“अरं, हितं खुंटच लावत न्हाईत,” आण्णा मोठ्यानं म्हणाले. “वेल सोताच्या मुळावर हाय. मांडव न्हाई, तार न्हाई. वाळूत लोळतोय नुसता.”

तात्या पलीकडून काहीतरी म्हणाले.

“पानी देतच न्हाईत म्हटलं की! मी हात घालून बघितलं.” मग थोडा वेळ ऐकून, “व्हय, इतकुसा घड. एकरी? एकरी काय सांगू तुला, हितं एकर कुणाकडं हाय?”

पुढं बराच वेळ ते वाळू, टेकू आणि त्या नातवाबद्दल सांगत राहिले. तात्यांनी मध्येच पाऊस किती झाला ते सांगितलं, तळ्याकडच्या तुकड्यात पानगळ लवकर सुरू झाल्याचं सांगितलं. आण्णांचा आवाज बदलला. कुठल्या ओळीपासून, किती पानं पिवळी, बुडाची का शेंड्याची, हे प्रश्न सुरू झाले, आणि मग दोघं भाऊ यंदाची ऑक्टोबर छाटणी आठ दिवस पुढं ढकलायची की नाही यावर लिस्बन येईपर्यंत वाद घालत राहिले.